मुलीला टेनिसपटू करायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

सगळ्यात आधी एक सल्ला, बाकीचं नंतर: मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत तिला पुण्याला किंवा बंगळूरला हलवू नका.

आपल्याकडे टेनिसचं नाव निघालं की दुसऱ्याच वाक्यात ॲकॅडमीचा विषय येतो. आईनं मुलीला घेऊन तिकडं खोली करून राहायचं, वडिलांनी इकडं दुकान नाहीतर नोकरी सांभाळायची, असा बेत ठरतो. दोन-तीन वर्षांत पुंजी आटते, आणि खरे पैसे लागायचं वय येतं तेव्हा घरात कुणाची हिंमत उरलेली नसते. मुलींच्या टेनिसमध्ये ते वय सतरा-अठराच्या पुढं असतं. अंकिता रैना ही गेल्या दशकातली आपली सगळ्यात चिवट एकेरी खेळाडू. मूळची अहमदाबादची, किशोरवयात पुण्याला आलेली. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत ती पहिल्यांदा आली २०१८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. मुलीला पंचविशीपर्यंत खेळत ठेवायचं तर पैसा, शाळा आणि शरीर तिन्ही पुरवून वापरावं लागतं. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय.

पायरी १: रॅकेट, चेंडू आणि कोर्ट

सहा ते आठ हे सुरुवातीला चांगलं वय. नऊ-दहा म्हणजे उशीर झाला असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. त्याआधी मुलगी खो-खो, लंगडी, पोहणं, दोरीवरच्या उड्या यांत रमलेली असेल तर टेनिससाठी निम्मं काम झालंय.

रॅकेट वयाप्रमाणे नाही, उंचीप्रमाणे घ्यायची. लहान मुलांसाठी २१, २३, २५ आणि २६ इंची मिळतात, मोठ्यांची २७ इंची असते. मुलीनं सरळ उभं राहून हात खाली सोडला की रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकावं. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तशी रॅकेट घेऊ नका. जड रॅकेटमुळे मनगट वाकडं पडतं आणि ती सवय पुढं मोडता मोडत नाही. सुरुवातीला साधी ॲल्युमिनियमची चालते.

चेंडूही साधा पिवळा नको. लाल, मग नारिंगी, मग हिरव्या ठिपक्याचा, अशी चढण असते. लाल चेंडू पिवळ्याच्या मानानं ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, म्हणजे आयटीएफनं, २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू बंद केला. कोच सात वर्षांच्या मुलीला डोक्यावरून जाणाऱ्या पिवळ्या चेंडूमागं पळवत असेल तर कोच बदला, किंवा निदान चेंडू तुम्ही विकत आणून द्या.

छावणीचं गाव असल्यामुळं बेळगावात टेनिस जुनं आहे. क्लब आणि जिमखान्यांची कोर्टं आहेत, पण सभासदत्व ही अडचण. तिथं सेक्रेटरीला भेटण्याआधी मार्करला भेटा. सभासदांबरोबर खेळायला आणि कोर्ट राखायला जो माणूस असतो तो मार्कर. कुठलं कोर्ट कुठल्या वेळी रिकामं असतं, बाहेरच्या मुलांना कोण शिकवतं, हे त्याला ठाऊक असतं. आणि शंभर चेंडू न चुकता परतवणारा माणूस गावात तोच असतो.

कोर्ट बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिली, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या, मागची जागा. कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं, पण त्याच्या मागं साडेपाच मीटर तरी मोकळं हवं. जागा कमी असली की मुलगी उंच उसळलेला चेंडू मागं सरकून मारायला शिकतच नाही. दुसरी, मुलींसाठी संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का आणि नळाला पाणी येतं का. कोचची पदवी विचारणारे पालक हे विचारायचं विसरतात, आणि तेराव्या वर्षी मुलगी "मला नाही जायचं" म्हणते तेव्हा खेळाचा कंटाळा आला असं समजतात.

कोचची परीक्षा सोपी आहे. एका कोर्टवर किती मुलं आहेत ते मोजा. चार-पाचपेक्षा जास्त असतील तर तुमच्या मुलीचा अर्धा तास रांगेत जाणार. आणि महिनाभरानं विचारा, दुसरी सर्व्ह, म्हणजे पहिली चुकली की मारायची ती, कधी शिकवणार? भारतीय मुलींचे सामने मी जितके बघितलेत त्यांत हातचा सामना जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्या सर्व्हवर. फोरहँड बघायला छान दिसतो म्हणून सगळे तोच घोटत बसतात.

आपला पाऊस

जून ते सप्टेंबर बेळगावात मातीचं कोर्ट जवळजवळ बंद. खानापूरकडं तर विचारूच नका. या चार महिन्यांत "पावसात काय होतंय" म्हणून सोडून दिलं तर दर ऑक्टोबरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कुठल्याही शाळेची किंवा मंगल कार्यालयाची छपराखालची भिंत शोधा. तिच्यावर जमिनीपासून ९१ सेंटिमीटर उंचीवर खडूनं रेघ मारा. जाळी मधोमध तेवढीच उंच असते. रेघेच्या वर सलग तीस फोरहँड, तीस बॅकहँड, मग जवळ येऊन व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेला फटका. दुसरं काम फेकण्याचं. जुने चेंडू घेऊन खांद्यावरून लांब फेकायचे. सर्व्हची हालचाल फेकण्यातूनच येते, आणि मुलींना लहानपणी कुणी दगड मारायला किंवा चेंडू फेकायला लावलेलं नसतं, त्यामुळं त्या इथंच मागं पडतात. घरात मोठा भाऊ क्रिकेट खेळत असेल तर त्याला कामाला लावा. बॅडमिंटन हॉल तासावर मिळत असेल तर पायांचं काम तिथं करून घ्या.

पाऊस सरल्यावर मातीचं कोर्ट रोलर फिरवून, पाणी मारून तयार होईपर्यंत आणखी काही दिवस जातात. माती पायांना आणि धीराला चांगली. पण भारतातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा सिमेंटच्या हार्ड कोर्टवर असतात, चेंडू तिथं सरसरत येतो. म्हणून अकरा-बाराव्या वर्षापासून महिन्यातून दोन रविवार तरी हार्ड कोर्ट मिळवा.

पायरी २: नोंदणी, आणि आपली खास डोकेदुखी

स्पर्धा खेळायला अखिल भारतीय टेनिस संघटनेचा, एआयटीएचा, नोंदणी क्रमांक लागतो. त्याखाली राज्य संघटना येतात: कर्नाटकाची केएसएलटीए, तिचं कार्यालय बंगळूरच्या कब्बन पार्कात, महाराष्ट्राची एमएसएलटीए. इथं सीमाभागातल्या घरांत वाद सुरू होतो. मामा कोल्हापूरचे, ते म्हणतात महाराष्ट्राकडून खेळव. पप्पांचं दुकान बेळगावात.

मुलगी जिथं शाळेत जाते आणि तिच्या आधार कार्डावर जिथला पत्ता आहे, त्या राज्यात नोंदणी करा. भावना बाजूला ठेवा. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्रानं सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद ठेवली आहे, तशी खेळातही असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. टेनिस संघटनेचा कारभार त्या हिशेबानं चालत नाही. राज्याचा प्रश्न येतो तो राज्य संघाच्या निवडीत आणि राज्यापुरत्या स्पर्धांत. एआयटीएच्या क्रमवारीच्या स्पर्धा देशभरातल्या कुठल्याही नोंदणीकृत मुलीला खुल्या असतात. म्हणजे कर्नाटकाकडून नोंद असलेली निपाणीची मुलगी कोल्हापूर, सोलापूर, पुण्यात बिनधास्त खेळू शकते. उलट बघा, ही आपली सोय आहे: एका हाताला धारवाड-हुबळी-बंगळूर, दुसऱ्या हाताला कोल्हापूर-सोलापूर-पुणे, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. पुण्याच्या पोरीला दक्षिणेकडच्या स्पर्धा लांब पडतात, बंगळूरच्या पोरीला पुणे लांब. आपण बरोबर मधे बसलोय.

डोकेदुखी आहे ती कागदांची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म चंदगड नाहीतर गडहिंग्लजचा आणि दाखला महाराष्ट्राचा. शाळा कर्नाटकातली, तिथं नाव आधी, मग वडिलांच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांची शेपटी. आधारवर आडनावाचं स्पेलिंग कन्नड उच्चारावरून आलेलं. पासपोर्टला पाठवायच्या वेळी चार कागदांवर चार मुली उभ्या राहतात. वयोगटाच्या खेळात जन्मतारखेची आणि नावाची छाननी कडक असते, म्हणून हे काम आठव्या-नवव्या वर्षीच उरकून टाका: जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार यांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि तारीख एकसारखी. दाखला कर्नाटकातला असेल तर ई-जन्म पोर्टलवरून इंग्रजी नाव असलेली प्रत काढून ठेवा. मग लगेच पासपोर्ट.

शाळेच्या स्पर्धांचा रस्ता वेगळा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा तो शिक्षण खात्यातून जातो. बेळगाव हा महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे जिल्हे दोन, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी, अथणीच्या मुलींना चिकोडीतून जावं लागतं. पीटीच्या सरांना जूनमध्येच गाठून नाव द्या. पत्रक कन्नडमध्ये येतं. शाळा मराठी माध्यमाची असली तरी घरात कुणीतरी एकानं कन्नड वाचायला शिकून घ्यावं.

पायरी ३: पहिल्या स्पर्धा

एआयटीएचे वयोगट १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील. स्पर्धांची चढण अशी: टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज. नव्या मुलीनं टॅलेंट आणि चॅम्पियनशिप सिरीजपासून सुरुवात करावी. महिन्याला एक स्पर्धा पुरे, मेच्या सुट्टीत दोन. आणि जिथं जाल तिथं दुहेरीतही नाव द्या. पहिल्या फेरीत हरून तासाभरात परतीच्या वाटेला लागण्यापेक्षा आणखी एक सामना पदरात पडतो.

कोल्हापूरच्या स्पर्धेची सकाळ कशी असते ते सांगतो. पहाटे साडेचार-पाचला बेळगाव सोडायचं. तवंदी घाट उतरेपर्यंत मुलगी झोपलेली असते, कोगनोळीच्या टोलनाक्याला जागी होते. सामन्यांचं वेळापत्रक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. त्यात पहिल्या सामन्यापुढं नऊ लिहिलेलं, बाकीच्यांपुढं "फॉलोड बाय", म्हणजे आधीचा संपला की तुमचा. तो अकराला संपेल किंवा दीडला. कोर्टच्या बाहेर उन्हात चटई टाकून बसलेली घरंच्या घरं दिसतील. मात्र नाव पुकारल्यावर १५ मिनिटांत मुलगी कोर्टवर नसेल तर ती बाद, त्यामुळं "जरा रंकाळ्यावर जाऊन येऊ" हा बेत परतीच्या वाटेवर.

खाण्याचा घोळ इथंच होतो. कोल्हापूरला आलोय म्हटल्यावर आठला मिसळ होते आणि साडेनऊला पोरगी कोर्टवर पोट धरून उभी. पहाटे निघताना दशमी नाहीतर इडली, पोचल्यावर केळं, सामन्याआधी दोन-अडीच तास जड काही नाही, वाट बघणं लांबलं तर थोडा दहीभात. बाटल्या दोन, एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिंबू-मीठ-साखर. मिसळ सामना झाल्यावर, जिंकला तरी आणि हरला तरी.

पिशवीत रॅकेटी दोन, एकसारख्या. तार केव्हाही तुटते, आणि दुसऱ्या मुलीची मागून आणलेली रॅकेट घेऊन सामना जिंकता येत नाही. गटिंग, म्हणजे रॅकेटला नवी तार ओढणं, कुठं होतं, मशीनवर होतं की नाही, हे आधी विचारून ठेवा. पॉलिएस्टरची कडक तार टीव्हीवरच्या खेळाडू वापरतात म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घालू नका; कोपर आणि मनगट दुखायला लागतं. साधी नायलॉनची तार, ताण थोडा कमी.

या स्पर्धांत प्रत्येक सामन्याला अंपायर नसतो. आपल्या बाजूच्या रेषा आपणच बघायच्या, आपणच "आउट" म्हणायचं. आपल्याकडच्या मुलींना याचं फार अवघड जातं. मोठ्यानं बोलू नये, समोरच्याला खोटं पाडू नये, असं घरात शिकवलेलं असतं. मग चेंडू चार बोटं बाहेर पडला तरी ती गप्प, आणि समोरची मुलगी रेषेवरचा चेंडू बाहेर म्हणते तरी ही गप्प. घरी अंगणात रेघ ओढून याचा सराव घ्या: बोट वर, आवाज मोठा, लगेच. शंका असेल तर गुण समोरच्या मुलीला, हा नियमच आहे. समोरची सतत खोटं बोलत असेल तर खेळ थांबवून रेफ्रीला बोलवायचं, तेही शिकवा. आणि पालकांनी कुंपणाला नाक लावून उभं राहू नये. चहाच्या गाड्यावर जा.

हरल्यावर गाडीत सामन्याची उजळणी नको. दुसऱ्या दिवशी वहीत तीन आकडे लिहून घ्या: डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून गेलेले गुण, किती, पहिली सर्व्ह किती वेळा आत पडली, चार फटक्यांहून लांब चाललेले गुण किती जिंकले. सहा महिन्यांची अशी वही कोचच्या पुढ्यात ठेवली की बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

पायरी ४: चौदाव्या वर्षीचा निर्णय

आता हलवायचं की नाही ते ठरवा. मुलगी राज्यातल्या तिच्या वयोगटात वरच्या आठ-दहांत असेल, बेळगावात तिच्याशी झुंजणारं कुणी उरलं नसेल आणि ती स्वतः म्हणत असेल, तर हलवा. तीनपैकी एक जरी नसेल तर सुट्ट्यांमध्ये दोन-दोन महिने बाहेर पाठवा आणि शाळा इथंच ठेवा. प्रवास आता पूर्वीसारखा जिकिरीचा नाही. बंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच, शिवाय पुण्याला आणि बंगळूरला जाणाऱ्या वंदे भारत गाड्याही बेळगावहून मिळतात.

कोल्हापूर जवळ आहे हेही विसरू नका. तिथली ऐश्वर्या जाधव २०२२ साली विंबल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली.

शाळा सोडवू नका. हे नैतिक म्हणून सांगत नाही, यात रोकडा फायदा आहे. अमेरिकेतली विद्यापीठं मुलींना टेनिसवर शिष्यवृत्ती देतात, चार वर्षं नियमित सामने, कोच, फिजिओ आणि पदवी. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिनं रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, वयाच्या २७ व्या वर्षी. त्या विद्यापीठांच्या पात्रतेसाठी नववीपासूनचे गुण मोजले जातात. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, "खेळाडू आहे, पास झाली तरी बास" म्हणालात तर तो दरवाजा तिथंच लागतो. बारावीनंतर प्रवेश लांबवला तर टेनिसमध्ये खेळण्याचं वर्ष कापलं जाऊ शकतं, आणि बक्षिसाच्या रकमेवरही नियम आहेत, म्हणून व्यावसायिक स्पर्धेत पहिलं पाऊल टाकण्याआधी ते वाचा. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, हजेरीची अडचण येत असेल तर एनआयओएसचा मुक्त शाळेचा मार्ग आहे. मात्र अमेरिकेला जायचं असेल तर त्यातले कुठले विषय तिथं चालतात ते आधी तपासा.

पायरी ५: आयटीएफ ज्युनियर

तेराव्या वर्षापासून खेळता येतं. आयटीएफच्या साइटवर आयपिन नावाचा खेळाडू क्रमांक काढायचा. स्पर्धांचे दर्जे जे३० पासून जे५०० पर्यंत, वर ज्युनियर ग्रँड स्लॅम, म्हणजे विंबल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतला मुला-मुलींचा गट. सानिया मिर्झा २००३ साली विंबल्डनच्या मुलींच्या दुहेरीत जिंकली ती याच पायरीवर. भारतात होणाऱ्या जे३० आणि जे६० खेळा. फक्त ज्युनियर क्रमवारीचे गुण गोळा करायला परदेशी फिरणं हा श्रीमंतांचा उद्योग आहे.

पायरी ६: व्यावसायिक टेनिस

महिलांच्या टेनिसची रचना एका दमात सांगतो. सगळ्यात खाली आयटीएफच्या डब्ल्यू१५, मग डब्ल्यू३५, ५०, ७५, १००. त्याच्या वर डब्ल्यूटीएच्या १२५, २५०, ५००, १००० आणि सर्वात वर चार ग्रँड स्लॅम. डब्ल्यूटीए ही खेळाडूंची संघटना बिली जीन किंग यांनी १९७३ मध्ये उभी केली. विंबल्डननं पुरुषांइतकं बक्षीस बायकांना दिलं ते मात्र २००७ साली.

वयाचं बंधन आहे. चौदाच्या आत व्यावसायिक स्पर्धा नाही, चौदा ते सतरा वर्षांत ठरावीक संख्येनंच, अठराला मोकळीक. कोवळ्या वयात मुली पिळून निघत होत्या म्हणून नव्वदच्या दशकात हा नियम आला. बापानं घाई करून उपयोग नाही, नियमच आडवा येतो.

क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांची असते. तिच्यात नाव यायला तीन स्पर्धांत गुण किंवा एकूण दहा गुण लागतात. डब्ल्यू१५ जिंकलात तर १५ गुण, ग्रँड स्लॅम जिंकलात तर २०००. पहिली फेरी जिंकून डब्ल्यू१५ मध्ये एक गुण मिळतो. एक! पहिल्या वर्षी हा एक-एक गुण वेचावा लागतो.

आता पैसा. डब्ल्यू१५ मधला आकडा म्हणजे १५,००० डॉलर, तोही सगळ्या स्पर्धेचा मिळून, ३२ जणींची एकेरी आणि वर दुहेरी. पहिल्या फेरीत हरणारीच्या हातात शे-दीडशे डॉलर पडतात, त्यातून हॉटेलही सुटत नाही. उलट २०२५ च्या विंबल्डनमध्ये मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरलेलीला ६६,००० पौंड मिळाले. ग्रँड स्लॅममध्ये १२८ पैकी १०४ जणी थेट क्रमवारीवर येतात. म्हणून साधारण शंभरावा नंबर ही रेघ आहे. तिच्या अलीकडं पोट भरतं, पलीकडं खिशातून जातं. नंबर दोनशेच्या थोडा पुढं असला तरी ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत शिरता येतं, आणि तेवढ्यावर वर्षाचा बराच खर्च निघतो. घरात बोलताना "सानियासारखी" म्हणू नका, "पहिल्या सव्वादोनशेत" म्हणा. हिशेब करायला सोपं पडतं.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर आधी भारतातल्या स्पर्धा. बंगळूर, पुणे, सोलापूर इथं महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झालेल्या आहेत, रेल्वेनं जाता येतं, व्हिसा नाही, घरचा डबा. परदेशी जायचं तर ट्युनिशियातलं मोनास्तीर आणि इजिप्तमधलं शर्म अल शेख, तिथं आठवड्यामागून आठवडा डब्ल्यू१५ चालू असतात. एकदा विमानाचं तिकीट काढून तीन-चार स्पर्धा होतात. दोन मुलींनी मिळून जावं, खोली एक, सराव एकमेकींबरोबर, दुहेरीची जोडी तयार.

नाव देण्याची मुदत काटेकोर पाळा. महिलांच्या आयटीएफ स्पर्धेत ती ज्या सोमवारी स्पर्धा सुरू होते त्याच्या १८ दिवस आधीचा गुरुवार असते. वेळ ग्रिनिचची लिहिलेली असते, आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवा. नाव काढून घ्यायचीही मुदत असते. न कळवता गैरहजर राहिलात तर दंड बसतो.

दुहेरीकडं दुर्लक्ष करू नका

प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. बार्शी म्हणजे काही बंगळूर नाही, आपल्या निपाणी-चिकोडीसारखंच गाव. ती २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीत कांस्यपदक जिंकली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. सानियाचं स्वतःचं बघा: एकेरीत तिचा सर्वोत्तम क्रमांक २७ वा, २००७ सालचा. मनगटाच्या दुखण्यानं एकेरी सुटली, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. सहाही ग्रँड स्लॅम दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली.

दुहेरीची क्रमवारी वेगळी असते. बक्षीस एकेरीपेक्षा कमी, पण तिथवर पोचण्याचा रस्ता कमी गर्दीचा. म्हणून बाराव्या वर्षापासून व्हॉली, सर्व्ह परतवणं आणि जाळीजवळची हालचाल शिकवा. बहुतेक कोच ते शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलतात.

शरीर

पाळीबद्दल कोचशी आईनं बोलून ठेवावं, पुरुष कोच असला तरी. विंबल्डनसारख्या कर्मठ जागेनंही २०२३ पासून पांढऱ्या स्कर्टखाली गडद चड्डी घालायला परवानगी दिली, मग आपल्या क्लबनं पांढऱ्या कपड्यांचा आग्रह धरायचं कारण नाही. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. "दम लागतोय, स्टॅमिना वाढव" असं सुनावलेल्या कित्येक मुलींचं रक्त कमी असतं. पाळी बंद झाली किंवा लांबत गेली तर त्याचा अर्थ खाणं पुरत नाही असा असू शकतो, डॉक्टरकडं न्या.

औषधांबाबत सावध. खोकल्याचं औषध, ताकदीची पावडर, वैद्यांचा काढा, यांत बंदी असलेलं काही निघालं तर "आम्हाला ठाऊक नव्हतं" हे उत्तर चालत नाही. डॉक्टरना खेळाडू असल्याचं सांगा, चिठ्ठी जपून ठेवा, डब्याचा फोटो काढून ठेवा.

अनोळखी मेसेज

डब्ल्यू१५ च्या सामन्यांवरही जगात कुठंतरी सट्टा लागतो. मुलगी हरली की इन्स्टाग्रामवर घाणेरड्या शिव्या येतात, कधी "दुसरा सेट सोड, पैसे देतो" असाही निरोप येतो. शिव्यांना उत्तर द्यायचं नाही, ते अकाउंट ब्लॉक करायचं. पैशाच्या निरोपाची तक्रार ताबडतोब टेनिसच्या सचोटी यंत्रणेकडं, आयटीआयएकडं, करायचीच. लपवणं हाही गुन्हा धरला जातो. व्यावसायिक स्पर्धा खेळण्याआधी यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. तो आई-वडिलांनीही शेजारी बसून बघावा.

पायरी ७: कुठवर आणि नंतर काय

अठरा ते बावीस ही चार वर्षं द्या, खर्चाचा आकडा आधी ठरवून. घर किंवा शेत गहाण टाकू नका. बाविसाव्या वर्षी ती पहिल्या पाचशेत असेल आणि दर वर्षी वर सरकत असेल तर पुढं चला. नसेल तर तिच्याशी स्पष्ट बोला, आणि पाहुण्यांना "लग्नाचं बघा की आता" म्हणायची संधी देऊ नका. लग्न आणि मूल झालं म्हणजे खेळ संपला असंही राहिलेलं नाही: बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूची क्रमवारी राखून ठेवायचा नियम आहे, आणि सानियानं मुलगा झाल्यानंतर २०२० मध्ये होबार्टला दुहेरीचं विजेतेपद जिंकलं.

खेळ थांबला तरी कोर्ट सुटत नाही. रेषेवर उभं राहणाऱ्या पंचांचं काम मशीननं घेतलं, विंबल्डननं २०२५ पासून ते बंदच केलं. पण चेअर अंपायर आणि रेफ्री लागतातच, त्यांच्या परीक्षा असतात. सरकारी उपक्रमांत खेळाडूंच्या जागा निघतात, त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं मूळ प्रतीत जपा. आणि कोचिंगचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम खेळत असतानाच करून घ्या. बेळगाव-निपाणी पट्ट्यात मुलीला शिकवायला बाई कोच शोधणारे पालक पुष्कळ आहेत, आणि अशा कोच मोजक्याच.